विसरायचं कुणी, लक्षात ठेवायचं कुणी?

(सांगली येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



गेलेल्या माणसाची आठवण जागी राहावी म्हणून ही व्याख्यानमाला चालते, आणि अशा सभेत मी आज विसरण्याविषयी बोलणार आहे. विषय मी विचार करूनच निवडला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘झालं गेलं विसरून जा.’ तेराव्याच्या जेवणाला आलेले पाहुणे सांगतात. मोडलेल्या संसारातून माहेरी आलेल्या मुलीला तिची मावशी सांगते. पूर ओसरल्यावर चिखल काढणाऱ्याला शेजारी सांगतात. सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण तो देताना आपण दोन गोष्टी धरून चालतो. एक म्हणजे विसरणं त्या माणसाच्या हातात आहे. आणि दुसरी म्हणजे, विसर असं सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. आज या दोन्ही गोष्टी तपासून पाहायच्या आहेत.

पहिली गोष्ट आधी घेऊ. ठरवून विसरता येतं का?

आपोआप होणारं विसरणं सगळ्यांना ठाऊक आहे. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढं निसटण्याचा वेग कमी होत जातो. निसर्ग बहुतेक गोष्टी पुसूनच टाकतो. आपला प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. त्या पुसल्या जात नाहीत आणि नको त्या वेळी वर येतात.

अशा आठवणीला नुसतं ‘येऊ नकोस’ म्हटलं तर काय होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढं त्याच मुलांना आता खुशाल विचार करा असं सांगितलं, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्या मुलांपेक्षाही त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. दडपलेलं उसळी मारून वर येतं हा आपला अनुभव इथं प्रयोगशाळेत दिसला. अनेकांनी यावरून निष्कर्ष काढला, की ठरवून विसरणं अशक्यच आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही. 2001 साली मायकेल अँडरसन आणि कॉलिन ग्रीन यांनी वेगळा प्रयोग केला. लोकांकडून शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतल्या. मग जोडीतला पहिला शब्द समोर दाखवायचा आणि काही जोड्यांच्या बाबतीत सांगायचं, या शब्दाकडं बघत राहा, पण त्याचा जोडीदार मनात येऊ देऊ नका. असं काही शब्दांना एकदा, तर काहींना सोळा-सोळा वेळा. शेवटी सगळे शब्द आठवून सांगायला लावले, तेव्हा जितक्या जास्त वेळा अडवलेलं तितका तो शब्द कमी आठवला. बरोबर सांगितल्यास पैसे देऊ म्हटलं तरी फरक पडला नाही. 2004 साली याच प्रयोगात मेंदूची चित्रं घेतली. कपाळामागचा, आवर घालणारा भाग अधिक काम करत होता आणि आठवण उभी करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्या क्षणी मंदावत होता.

दोन प्रयोगांत फरक काय? वेग्नरच्या विद्यार्थ्यांना एक विचार डोक्यात येऊ न देण्याची राखण करायची होती, आणि राखण करायची म्हणजे तो आला का हे सारखं बघत राहायचं. अँडरसनकडं आठवण करून देणारी खूण समोरच होती. तिच्याकडं सरळ पाहायचं आणि तिच्यामागून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं, हे काम होतं. असं वारंवार परतवलं की त्याचं येणं कमी होतं. काही संशोधकांना हा परिणाम आपल्या प्रयोगात मिळाला नाही, आणि जिथं मिळाला तिथंही तो मोठा नव्हता. तरी 2023 साली झुल्काइदा मामत आणि अँडरसन यांनी 16 देशांतल्या 120 लोकांना तीन दिवस अशी सवय लावली, तेव्हा त्यांच्या मनातल्या भीतीच्या कल्पना फिक्या झाल्या आणि अनेकांची अस्वस्थताही उतरली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. घडलेली गोष्ट मुळापासून पुसून टाकता येत नाही. तिचं वेळी-अवेळी येणं मात्र सरावानं कमी करता येतं. माणसाला ‘असं घडलं होतं’ हे माहीत असतं, पण ते त्याला पुन्हा पुन्हा भोगावं लागत नाही. एवढं साधलं तरी पुष्कळ आहे.

मात्र हा सराव सगळ्यांना सारखा जमत नाही. नोव्हेंबर 2015 मधल्या पॅरिसच्या हल्ल्यांतून वाचलेल्या लोकांचा फ्रान्समध्ये अभ्यास झाला. तो 2020 साली प्रसिद्ध झाला. त्याच हल्ल्यातून गेलेल्या काहींना नंतर आघाताचा आजार जडला, काहींना नाही. ज्यांना जडला नाही त्यांच्या मेंदूत नकोशी आठवण आवरण्याची यंत्रणा शाबूत होती. ज्यांना जडला त्यांच्यात नेमकी तीच कोलमडलेली होती. म्हणजे ज्याला विसरण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याच हातून ते सुटलेलं असतं. त्याला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चाल म्हणण्यासारखं आहे.

आता आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांकडं येऊ. कारण आठवणीची खूण कुठून येते, हे इथल्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठं दिसेल.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. पाटण तालुक्यात कोयनानगरला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 180 माणसं गेली आणि वस्तीतली बहुतेक घरं पडली किंवा तडकली. तिथल्या कोयना धरणात पाणी साठू लागल्याला तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती, आणि जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव पुस्तकांत गेलं. त्यानंतर तिथली जमीन कधी शांत झालीच नाही. लहान धक्के आजही बसतात. ज्या माणसानं त्या पहाटे अंधारात ढिगारा उपसला, त्यानं विसरायचं ठरवलं तरी जमीनच त्याला आठवण करून देते. भांडं थरथरलं की 1967 समोर उभं राहतं. अशा माणसाला परतवून परतवून किती परतवता येणार?

पण कोयनेत आणखी एक गोष्ट घडली, ती मला महत्त्वाची वाटते. धरण दुरुस्त करून अधिक मजबूत केलं. परिसरात भूकंपमापक बसले. कराडला भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन जमिनीच्या पोटातलं मोजमाप सुरू झालं. प्रत्येक धक्क्याची नोंद आता यंत्र ठेवतं. जमिनीवर कान ठेवून जागं राहण्याचं काम माणसाच्या शिरावरून उतरलं. तो भूकंप विसरला नसेल, पण तो एकट्यानं लक्षात ठेवायची गरज उरली नाही.

हेच सांगलीच्या संदर्भात पाहू. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. 2005 चा पूर झाला, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून सुटण्यासाठी निघालेली माणसांनी भरलेली नाव उलटली. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा गावात शिरलं. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघरला डोंगर खाली आला.

नदीकाठच्या वस्तीतलं माझ्या ओळखीचं एक घर आहे. भिंतीला नवा रंग दिलाय, पण छातीच्या उंचीला ओलीची एक रेघ पावसाळ्यात परत उमटते. कपाटाचा खालचा कप्पा जूनपासून रिकामा असतो. रेशनकार्ड, खरेदीखत, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. घरातल्या काकू म्हणतात, ‘मी तो पूर केव्हाच विसरले.’ खोटं बोलत नाहीत त्या. पुराच्या गोष्टी कधी सांगत नाहीत, कुणी काढल्या तर उठून आत जातात. पण रात्री पावसाचा जोर वाढला की बॅटरी घेऊन दारापुढच्या गटाराकडं बघतात, कारण इथं नदीचं पाणी आधी नाल्या-गटारांतून उलटं येतं हे त्यांना ठाऊक आहे. आणि सकाळी चहाआधी पहिला प्रश्न, ‘आयर्विनला किती?’

त्यांची आठवण सवयींमध्ये शिरली आहे. त्या आजारी नाहीत, आणि त्यांना आणखी विसरायला सांगणं धोक्याचंच ठरेल. त्यांना हवाय तो भरवसा. कोयनेतून किती क्युसेक सोडले, ते पाणी सांगलीत किती वाजता पोचणार, माझ्या गल्लीत कितव्या फुटाला शिरणार, हे वेळेवर आणि खरं सांगणारी व्यवस्था जागी असेल, तर काकूंना रात्रभर जागं राहावं लागणार नाही. ज्या वर्षी निरोप उशिरा येतो, त्या वर्षी त्यांची जुनी आठवण पहारेकऱ्यासारखी उठून बसते.

कागदावर पूररेषा आहेत. साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा. म्हणजे नदीची आठवण आपण नकाशावर आखून ठेवली आहे. तरी दोन पुरांच्या मधल्या कोरड्या वर्षांत निळ्या रेषेच्या आत भराव पडतात, प्लॉट पाडले जातात, घरं बांधली जातात. हेही ठरवून विसरणंच आहे. जिथं घर विकायचं असतं तिथं पुराची रेघ रंगाखाली जाते. गावानं विसरायचं ठरवलं की लक्षात ठेवायची शिक्षा सगळ्यात खालच्या गल्लीला होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुरानंतर छावण्यांत अनेकजण आले. मदत घेऊन आले, कॅमेरे घेऊन आले, आणि एकेका बाईला चार-चार वेळा विचारलं, ‘सांगा, काय काय झालं?’ मन मोकळं केलं की बरं वाटतं हे खरं आहे. पण ज्याला बोलायचं नाही त्याच्याकडून आघातानंतर लगेच सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, असं अभ्यासांतून दिसलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं अशी पद्धत वापरू नये असं सांगितलं आहे. आधी कोरडी जागा, जेवण, आपल्या माणसांचा ठावठिकाणा, ऐकायला तयार असलेला कान. बोलायचं की नाही आणि केव्हा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

बोलण्या-न बोलण्याचा हाच प्रश्न फौजी घरांतही दिसतो. सातारा जिल्ह्यात सैनिकाचं घर शोधावं लागत नाही. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच सैन्य आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं स्मृतिशिळा उभी आहे. जे परत आले त्यांनी घरी काय सांगितलं असेल? आपल्याकडच्या फौजी घरांत लढाई फारशी सांगितली जात नाही. पोरांना ट्रंक दिसते, पदकं दिसतात, बाकीचं आजोबांच्या पोटात राहतं.

त्याच युद्धात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज डॉक्टरांकडं खंदकांतून परतलेले अधिकारी येत. रात्री ओरडत उठणारे, दिवसा थरथरणारे. जवळजवळ सगळ्यांना आधीच्या डॉक्टरांनी आणि घरच्यांनी एकच सांगितलेलं, युद्धाचा विचार डोक्यातून काढून टाका. दिवसभर ते तसं करत आणि रात्री स्वप्नांत सगळं परतून येई. रिव्हर्स यांनी त्यांना आठवणीकडं वळून पाहायला सांगितलं, तिच्यात मनाला आधार देणारं काही सापडतं का ते शोधायला लावलं, आणि कित्येकांना झोप लागू लागली. 1918 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच लेखात त्यांनी एका अशा अधिकाऱ्याची हकिकत दिली आहे, ज्याच्या आठवणीत आधार देईल असं काहीही नव्हतं. त्याला त्यांनी आठवणीशी झुंजायला लावलं नाही. सैन्य सोडून, पूर्वी जिथं त्याला बरं वाटलं होतं तशा मोकळ्या जागी जायला सांगितलं. मला या डॉक्टरांचा हाच मोठेपणा वाटतो. एकच औषध सगळ्यांना दिलं नाही. कुणाला आठवायला सांगितलं, कुणाला दूर जायला. ठरवलं ते समोरच्या माणसाकडं बघून.

आता दुसरी गोष्ट. विसर, असं सांगण्याचा अधिकार कुणाला?

यासाठी मी तुम्हाला 1901 साली मसूर स्टेशनवर नेतो. साताऱ्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा, भीमराव. आदल्या वर्षीच 7 नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्याचं नाव दाखल झालेलं. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आई गेलेली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. सुट्टीत त्यांच्याकडं निघालेला हा मुलगा थोरल्या भावासह मसूरला उतरला. अंगात नवे सदरे, डोक्याला झगमगत्या टोप्या, पायांत नवे बूट. वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं, त्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली. मुलांनी जात सांगितली, आणि मास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. वाटेत रात्र झाली. बरोबर डबा भरलेला होता, पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून, उर्दूत बोलून पाणी मागून पाहिलं. मिळालं नाही. भरलेला डबा तसाच ठेवून ती पोरं उपाशी झोपली.

हाच मुलगा पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. त्यांनी ही हकिकत सुमारे पस्तीस वर्षांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात लिहिली. तोवर ते कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आले होते, गोलमेज परिषदेला जाऊन आले होते. तरी त्या रात्रीचा ठसा मनावर कायम राहिला, असं त्यांनी नोंदवलं आहे. शाळेत वेगळं गोणपाट, शिपाई नसला तर नळाचं पाणी नाही, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. पण मसूरच्या वाटेवर त्याचा अर्थ पहिल्यांदा पूर्ण कळला. मार्च 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याला हात लावला. एकातून दुसरं सरळ निघालं असं म्हणण्याइतकं माणसाचं मन सोपं नसतं. तरी मी असा प्रश्न विचारतो, की त्या मुलाला कुणी थोपटून ‘विसरून जा बाळ’ म्हटलं असतं आणि तो खरोखर विसरला असता, तर फायदा कुणाचा झाला असता? टोलनाक्यावरच्या माणसाचा. स्टेशनमास्तरांचा. त्या व्यवस्थेचा.

हे लेखन सूड घ्यायला केलेलं नाही. ज्यांना अस्पृश्यता म्हणजे काय हे माहीतच नाही, त्यांना कळावं म्हणून त्यांनी प्रसंग मांडले. याच मातीतून पुढं आटपाडीच्या शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ आलं, फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं. ज्यांनी ही आत्मकथनं वाचली त्यांच्या खांद्यावर त्या आठवणीचा एक वाटा आला. लिहिणाऱ्याचं ओझं त्यानं किती हलकं झालं हे त्यालाच माहीत. पण ते ओझं त्याचं एकट्याचं राहिलं नाही, एवढं नक्की.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. विसरण्याचा हक्क ज्यानं भोगलं त्याचा आहे. त्यानं बोलावं, गप्प बसावं, लिहावं, दूर निघून जावं. त्याची निवड आपण मानायची. लक्षात ठेवण्याचं कर्तव्य मात्र बाकीच्यांचं आहे, आणि ज्यांच्या हातून किंवा ज्यांच्या डोळ्यांदेखत ते घडलं त्यांचं सगळ्यात आधी. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं. ज्याचं घर बुडालं, ज्याला पाणी नाकारलं, त्याला आपण विसरायला सांगतो, आणि आपण मात्र काही न करता विसरून मोकळे होतो. समाजानं आठवण सांभाळली तरच माणसाला ती खाली ठेवता येते. कोयनेत यंत्रांनी ती थोडी उचलली. अपशिंग्यात दगडानं उचलली. मसूरची एका पुस्तकानं उचलली.

मग आपण काय करायचं? सांगलीत, पलूसमध्ये, मिरजेच्या नदीकाठावर, हरिपूरच्या संगमावर, प्रत्येक पूरग्रस्त गल्लीच्या तोंडाला 2005, 2019 आणि 2021 च्या पाण्याची खूण वर्षासह कायमची लागली पाहिजे, आणि ती रंगानं झाकू द्यायची नाही. नगररचनेच्या कार्यालयात निळी रेषा जितक्या कडकपणे पाळली जाईल, तितकी घराघरांतली झोप परत येईल. शाळांमध्ये 7 नोव्हेंबरला प्रवेशाची तारीख सांगून थांबू नये, मसूरची रात्रही मुलांना वाचून दाखवावी. आणि ज्यांना रात्री दचकून जाग येते, भांडं वाजलं तरी छातीत धडधडतं, त्यांना सल्ला न देता डॉक्टरकडं न्यावं. आघाताच्या आजारावर आज चांगले उपचार आहेत. ते घेण्यात कमीपणा नाही.

यापुढं कुणाला ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणायची वेळ आली, तर ते वाक्य थोडं थांबवा आणि त्याऐवजी एवढंच म्हणा: ‘तुला वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर नको सांगू. आम्ही लक्षात ठेवू.’ आणि म्हटलंत की खरंच लक्षात ठेवा. विसरायचं की नाही हे मग त्याचं त्याला ठरवता येईल.